देवकुंडाची वाट: गटाच्या सहलीचं नियोजन



भातकापणी उरकली की गटाच्या बैठकीत विषय निघतोच, यंदा सहल कुठे? बहुतेक वेळा देवदर्शन ठरतं. ते छानच. पण काही गटांनी यंदा देवकुंड धबधब्याचं नाव काढलं आहे. रायगड जिल्ह्यात, ताम्हिणी घाटाखाली भिरा गाव आहे. तिथून डोंगराच्या कुशीत चालत गेलं की कातळावरून पाणी खोल कुंडात कोसळताना दिसतं. कुंडलिका नदीचा उगम इथलाच मानतात. गाडी तिथवर जात नाही. जाताना सुमारे सहा किलोमीटर आणि येताना तेवढंच, सगळं पायी. म्हणून आज याच दिवसाचं नियोजन बोलू.

पहिली गोष्ट, कधी जायचं? भर पावसात मुळीच नाही. गेल्या काही वर्षांत प्रशासन पावसाळ्यात इथे बंदी घालत आलं आहे, आणि ती आपल्याच जिवासाठी असते. ३० जून २०२४ ला लोणावळ्याजवळ, भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. डोंगरातलं पाणी असं असतं, की पाऊस वर माथ्यावर पडतो आणि लोंढा खाली येतो. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी येतो. तेव्हा पाऊस थांबल्यावरचे नोव्हेंबर-डिसेंबरचे दिवस बरे. तेव्हाही निघण्याआधी वाट खुली आहे ना, हे गावात फोन करून विचारा. गावातला वाटाड्या घ्याच, आणि त्याचे पैसे आधीच ठरवून घ्या.

दुसरी गोष्ट वेळेची. हा हिशोब उलटा करायचा, संध्याकाळपासून सकाळकडे. नोव्हेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, पण दाट झाडीत त्याआधीच अंधारतं. म्हणजे चार वाजता आपण भिऱ्यात परत हवं. परतीला तीन तास धरा. मग धबधब्यापासून एक वाजता निघायलाच हवं. जायलाही तीन तास, आणि तिथे बसायला, डबा खायला दीड तास. म्हणजे भिऱ्यातून सकाळी साडेआठला पाय उचलायचा. आणि एक नियम सगळ्यांनी आधीच मान्य करायचा. एक वाजला की जिथे असू तिथून मागे फिरायचं. धबधबा शंभर पावलांवर असला तरी.

तिसरी गोष्ट, कोण येणार? आपण बायका रोज चालतो, डोक्यावर हंडा घेऊन चालतो. पण ही वाट वेगळी आहे. सुरुवातीला धरणाच्या पाण्याकडेने सपाट, मग जंगल, ओढे, आणि शेवटी मोठमोठ्या दगडांची चढण. दोन आठवडे आधी गावाजवळच्या टेकडीवर सगळ्यांनी मिळून तीन तास चालून बघा. गुडघे दुखतात, रक्त कमी आहे, बीपीची गोळी चालू आहे, दिवस गेलेत, हे बैठकीत मोकळेपणानं सांगा. त्यात लाज कसली?

ज्या चढणार नाहीत त्यांनी घरी बसायचं असं नाही. त्यांनी भिऱ्यात थांबायचं. त्यांचं काम सगळ्यात जबाबदारीचं. त्यांच्याकडे वर गेलेल्यांच्या नावांची यादी आणि घरचे फोन नंबर असतील. दरीत फोनला रेंज मिळेलच असं नाही. पाच वाजेपर्यंत कुणी परत आलं नाही, तर त्यांनी गावकऱ्यांना सांगायचं आणि ११२ ला फोन लावायचा. दुखापत असेल तर रुग्णवाहिकेसाठी १०८.

चालताना सगळ्यात सावकाश चालणारी पुढे आणि तरबेज असलेली सगळ्यांच्या मागे. म्हणजे कुणी एकटी पडत नाही. साडीपेक्षा सलवार-कमीज सोयीची. पायात घट्ट बसणारे, तळाला खाचा असलेले बूट हवेत, चप्पल नको. प्रत्येकीकडे दोन-तीन लिटर पाणी, भाकरी-चटणी, गूळ-शेंगदाणे, ओआरएसची पुडी, विजेरी आणि गरज पडली तर लागणारे पॅड. वापरलेलं पॅड आणि प्लास्टिक पिशवीत घालून परत आणायचं.

कुंडात उतरायचं नाही. पाणी खोल आहे, गार आहे, आणि पोहता येणारीही त्यात दमते. काठावर बसून पाय भिजवले तरी मन भरतं. ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहत आला, आवाज वाढला, तर फोटो राहू द्या, सामान राहू द्या, आधी उंचावर चढा. ओढा गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडायचा नाही, पाणी उतरेपर्यंत थांबायचं.

खर्चाचं म्हणाल तर गटाच्या कर्जाच्या पैशाला हात लावू नका. सहलीची वर्गणी वेगळी काढा आणि वहीत वेगळी लिहा. घरी दूध कोण काढणार, म्हाताऱ्या माणसांना जेवण कोण वाढणार, हेही त्याच बैठकीत ठरवा. एका दिवसासाठी हे काम घरातल्या पुरुषांनी करायला काहीच हरकत नाही.

कुणी म्हणेल, धबधबा बघायला एवढा खटाटोप कशाला? मैत्रिणींनो, जो गट एक वाजता मागे फिरायचं ठरवतो आणि खरंच फिरतो, सावकाश चालणारीला पुढे ठेवतो, तो गट कर्जाच्या हप्त्यालाही एकमेकींना धरून राहतो. या बैठकीत तारीख ठरवा, पण त्याआधी यादी करा.