पासष्ट मिलिमीटरचा हिशेब



बैलाचं एक शिंग भिजतं आणि दुसरं कोरडं राहतं, असं वळवाच्या पावसाबद्दल आपल्या खेड्यापाड्यांत म्हणतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबईने हेच अख्ख्या शहराच्या मापाने अनुभवलं. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर कुलाब्याला सुमारे ७४. मधल्या उपनगरांत कुठे किती कोसळतोय, हे त्या दुपारी घडीघडीला सांगेल असं साधन शहराकडे नव्हतं. पुढे महापालिकेने अग्निशमन केंद्रांसारख्या आपल्याच जागांवर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. त्या पुरात इतकी माणसं गेल्यावर का होईना, एका वेधशाळेच्या आकड्यावरून शहराचा पाऊस ठरत नाही, हे मान्य झालं.

आज मला बोलायचं आहे ते मात्र शेतशिवारातल्या हवामान केंद्रांबद्दल. २०१७ मध्ये राज्याच्या कृषी विभागाने खासगी भागीदारीतून ‘महावेध’ प्रकल्प सुरू केला. प्रत्येक महसूल मंडळात एक, अशी दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. तापमान, आर्द्रता, पाऊस, वाऱ्याचा वेग आणि दिशा यांची नोंद दर दहा मिनिटांनी होते. सौर पॅनेल, बॅटरी आणि मोबाइलचं सिम यांवर हा सगळा कारभार चालतो. राज्याचं क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर. म्हणजे एका केंद्राच्या वाट्याला साधारण दीडशे चौरस किलोमीटर आणि वीसेक गावं येतात. विस्ताराने एवढं मोठं काम झालं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

केंद्रावरचा पावसाचा आकडा नुसता माहितीसाठी नसतो. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात, आणि पंचनामे, मदत ही पुढची सगळी चक्रं त्यावर फिरतात. फळपीक विम्यात तर एरवी शेतात कुणी येऊन पाहणीही करत नाही; संदर्भ केंद्रावरच्या हवामानाच्या नोंदीच आंबा, द्राक्ष, संत्र्याची भरपाई ठरवतात. म्हणून तो आकडा कसा जन्माला येतो, ते जरा जवळून पाहू.

वर एक नरसाळं असतं. त्याच्या खाली एका आसावर पाठीला पाठ लावून बसवलेल्या दोन छोट्या वाट्या. एक वाटी ठरलेल्या मापाइतकी भरली की कलंडते, पाणी ओतते आणि दुसरी वर येते. प्रत्येक कलंडण्याला एक विद्युत टिचकी नोंदली जाते. एक टिचकी अर्ध्या मिलिमीटरची असेल, तर ६५ मिलिमीटरसाठी १३० टिचक्या लागतात. आता नरसाळ्यात बाभळीचा पाला अडकला, पक्ष्याची विष्ठा साचली, कोळ्याने जाळं विणलं, तर पाणी तुंबतं. मग ते थेंबथेंब खाली उतरतं, पाऊस थांबल्यावरही उतरत राहतं. सकाळी साडेआठला हवामानाचा दिवस बदलतो, त्यामुळे कालच्या पावसाचा काही भाग आजच्या खात्यात जातो. धो धो पावसात वाटी कलंडत असतानाच वरून पाणी येतं, त्यातलं थोडं मापातून निसटतं. वाऱ्याच्या झोतात थेंब नरसाळ्यावरून वाहून जातात. जवळ झाड किंवा भिंत असेल, तर नरसाळं आडोशाला पडतं. यातल्या बहुतेक चुका एकाच बाजूला झुकलेल्या आहेत: आकडा कमी दाखवण्याकडे. जास्त पाऊस दाखवणारे बिघाडही होतात, पण क्वचित. तीन टिचक्या हुकल्या की ६६ चे ६४.५ होतात आणि वीस गावं यादीबाहेर जातात. ज्याचं सोयाबीन पाण्यात उभं आहे, त्याने हे कुणाला आणि कसं सिद्ध करून दाखवायचं?

अशा चुका आटोक्यात ठेवता येतात. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याचं ‘मेसोनेट’ हे हवामान केंद्रांचं जाळं १९९४ पासून चालू आहे. केंद्रं १२०, म्हणजे एका केंद्रामागे सुमारे पंधराशे चौरस किलोमीटर, आपल्या दसपट. तरीही जगभरचे संशोधक त्या नोंदी विश्वासाने वापरतात. तिथे तंत्रज्ञ ठरलेल्या फेऱ्यांत प्रत्येक केंद्रावर जातात, गवत कापतात, उपकरणं काढून प्रयोगशाळेत तपासायला नेतात. शंकास्पद आकडा यंत्र आधी बाजूला काढतं, मग माणूस तो पाहतो. केंद्र उभारण्याचा खर्च एकदाच होतो, निगा राखण्याचा दरवर्षी. आपल्याकडे उद्घाटनाला गर्दी असते. नरसाळं पुसणाऱ्यासाठी अंदाजपत्रकात जागा शोधावी लागते.

हवामानाच्या अभ्यासकाला तर आणखी धीर लागतो. सरासरी काढायची तर तीस वर्षांची सलग नोंद हवी. ‘महावेध’ला ती २०४७ मध्ये मिळेल. मधेच केंद्र शाळेच्या मैदानातून पत्र्याच्या शेडशेजारी हलवलं, तर वाढलेलं तापमान हवेचं की पत्र्याचं, हे कुणालाच कळणार नाही.

आता केंद्र सरकारच्या ‘विंड्स’ या हवामान-नोंदींच्या योजनेतून ग्रामपंचायतींपर्यंत पर्जन्यमापक पोचवायचे आहेत. राज्यात ग्रामपंचायती २७ हजारांहून अधिक. त्याआधी काही गोष्टी करता येतील आणि त्या खर्चिक नाहीत. प्रत्येक केंद्राजवळ हाताने मोजायचा साधा पर्जन्यमापक ठेवावा. शाळेने किंवा कोतवालाने सकाळी साडेआठला त्याची नोंद फळ्यावर लिहावी. केंद्र शेवटचं कधी साफ केलं, कधी तपासलं, याची तारीख आकड्याच्या शेजारीच गावाला दिसावी. आणि ज्या मंडळात ६० ते ६५ च्या दरम्यान पाऊस नोंदला गेला, तिथे शेजारची केंद्रं, हाताची नोंद आणि रडारचं चित्र पाहिल्याशिवाय कोणत्याही अधिकाऱ्याने ‘अतिवृष्टी नाही’ असा शेरा मारू नये. त्यासाठी नवीन यंत्र लागत नाही, एक शासन निर्णय पुरेल.