रूळ काढलेली वाट



अमेरिकेतील मिसूरी राज्यात रोशपोर्ट गावाहून, ऐन पानगळीत, आम्ही उभयतां सायकलींवर निघालो. एका बाजूस उंच कडे, दुसरीस मिसूरी नदी, चाकांखाली चुनखडीची बारीक खडी. आगगाडीला चढ सोसत नाही. म्हणून साठी उलटलेल्या आमच्या गुडघ्यांनाही तो मार्ग सोसला! ही ‘केटी’ रेल्वे तेथे १९८६ साली बंद झाली. पुढेमागे रूळ पुन्हा घालता यावेत म्हणून असा मार्ग राखून ठेवावा, तोवर लोकांनी वापरावा, अशी सोय १९८३ च्या कायद्याने केली आहे. काठचे काही शेतकरी मात्र जमिनीसाठी न्यायालयात गेले. त्यांची तक्रार मला खोटी वाटत नाही. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. पण भरपाई मागण्याचे दार उघडे ठेवले.