दुपारचा शत्रू



एका बुधवारी कपाळाला राख लावून आम्हा ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ सुरू होतो. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये दरवर्षी एकच प्रसंग वाचला जातो. येशू चाळीस दिवस अरण्यात उपाशी आहे आणि सैतान त्याच्याशी बोलायला येतो. बोलायला, हे लक्षात घ्या. तो शिंगं रोखून धावून येत नाही, गळा धरत नाही. भूक लागली आहे ना, मग या दगडांच्या भाकरी कर की, असं अगदी व्यवहाराचं बोलतो. येशूही वाद घालत बसत नाही. तीन वेळा मोशेच्या ग्रंथातलं एकेक वचन त्याच्यापुढे ठेवतो आणि विषय संपवतो.

या तीन उत्तरांचा कित्ता गिरवून चौथ्या शतकातल्या एका माणसानं अख्खं पुस्तक रचलं. त्याचं नाव इव्हाग्रियस. सैतानाशी लढाई हे शब्द उच्चारले की आपल्या डोळ्यांपुढे जे काही उभं राहतं, ते पुसून टाकायला हा माणूस फार उपयोगी आहे.

इव्हाग्रियस काळ्या समुद्राकाठच्या पाँटस प्रांतातला, जन्म ३४५च्या सुमाराचा. कॉन्स्टँटिनोपलमध्ये तो डीकन होता, विद्वान होता, वादसभा गाजवत होता. तिथं एका बड्या अधिकाऱ्याच्या पत्नीत त्याचा जीव गुंतला. प्रकरण अंगाशी येणार असं दिसताच तो जेरुसलेमला निघून आला आणि काही दिवसांतच पुन्हा उंची कपड्यांत नि मानमरातबात रमला. मग तापानं अंथरुणाला खिळला. सहा महिने वैद्यांना काही उमगेना. तिथं मठ चालवणाऱ्या मेलानियाबाईंनी त्याच्या पोटातलं सगळं काढून घेतलं, संन्यास घेईन असं वचन घेतलं आणि बरं वाटल्यावर त्याची इजिप्तच्या वाळवंटात रवानगी केली. आधी निट्रिया, मग केलिया. तिथं पोथ्यांच्या नकला करून तो पोट भरायचा. ३९९मध्ये तो वारला तोही तिथंच.

तर या वाळवंटात त्याला दिसलं काय? अक्राळविक्राळ भुतं त्याला फारशी भेटली नाहीत. त्याला भेटले ते विचार. आठ जातींचे विचार त्यानं वेगळे काढले : खादाडपणा, कामवासना, पैशाचा लोभ, खिन्नता, राग, कंटाळा, लौकिकाची हाव आणि गर्व. पुढे पोप ग्रेगरी यांनी याच यादीवरून सात मूळ पापांची मांडणी केली. पण यादीपेक्षा प्रत्येक विचार कुठला आवाज काढून बोलतो याची त्यानं घेतलेली नोंद मला मोलाची वाटते.

लोभाचंच पाहा. आपल्याला वाटेल, लोभ सोन्याच्या राशी दाखवत असेल. इव्हाग्रियस म्हणतो, तो म्हातारपण दाखवतो. हात थरथरतील, काम होणार नाही, दुष्काळ पडेल, आजार येतील, दुसऱ्यापुढे हात पसरावा लागेल आणि केवढी लाज वाटेल! किती शहाणपणाचं बोलणं आहे हे. अगदी विमा विकणाऱ्यासारखं. खादाडपणा तरी कुठं जिलबी दाखवतो? तो तब्येतीची काळजी करतो. उपास झेपणार नाही तुला, यकृत बिघडेल, आणि इथं आडरानात डॉक्टर कुठला?

आणि कंटाळा. हा सगळ्यांत जड, असं त्यानं स्पष्ट लिहिलंय. सकाळी दहाच्या सुमारास हा येतो नि दुपारी दोनपर्यंत मुक्काम ठोकतो. सूर्य जागचा हलत नाहीसं वाटतं, दिवस पन्नास तासांचा होतो. संन्यासी खिडकीतून डोकावतो, मग बाहेर येऊन उन्हं बघतो, कारण जेवण तीनला. कोणी भेटायला येतंय का, म्हणून वाटेकडे पाहतो. मग जागेचा वीट, हातातल्या कामाचा वीट. इथल्या माणसांत माया उरलेली नाही असं वाटू लागतं. गेल्या चार दिवसांत कोणी दुखावलं असेल तर नेमकं तेच आठवतं. मग विचार सुचवतो, देव काय इथंच आहे होय? दुसरीकडे जा, तिथं काम हलकं आहे. मग घरच्यांची आठवण, मग पुढच्या आयुष्याची लांबच लांब वाट.

हे वाचताना सोळाशे वर्षांपूर्वीचा इजिप्त आठवतच नाही. ऑफिसात दुपारी फोनवर अंगठा फिरवत दुसऱ्या नोकऱ्यांच्या जाहिराती चाळणारा माणूस आठवतो. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं करणारी आणि 'मीच का?' असं मनात घोळवणारी सून आठवते. दोघंही पापी आहेत असं मला मुळीच म्हणायचं नाही. नोकरी बदलणं हे पाप नव्हे, आणि सुनेचा प्रश्न तर घरातल्या बाकीच्यांनी ऐकायला हवा. पण प्रार्थना, विवाह, सेवा यांतलं जे आपण विचारपूर्वक पत्करलं, ते एखाद्या कंटाळवाण्या दुपारी पायाखालून काढून घेणारा आवाज हाच. तो दारू पी म्हणत नाही, चोरी कर म्हणत नाही. जरा बाहेर बघ, एवढंच म्हणतो.

रागाविषयी तो लिहितो की प्रार्थनेला बसलं की ज्यानं दुखावलं त्याचा चेहरा राग समोर आणून उभा करतो. वसईत किंवा जिथं जिथं वाडीच्या जमिनीला सोन्याचा भाव आलाय तिथं हे समजावून सांगावं लागत नाही. सातबाऱ्यावरून भावाभावांत कोर्टकचेरी चाललेली असते. दोघंही रविवारी मिस्साला येतात, एक डाव्या बाजूच्या बाकावर, एक उजव्या, आणि गुडघे टेकल्यावर प्रत्येकाला दुसऱ्याचाच चेहरा दिसतो.

यावर उपाय काय? इव्हाग्रियसचं पहिलं म्हणणं असं की विचार येऊ नयेत हे आपल्या हाती नाही. त्यांना मुक्कामाला ठेवायचं की नाही, हे आहे. त्यामुळे नुसता विचार आला म्हणून छाती पिटण्याचं कारण नाही. दुसरं, उलट बोलायचं. यासाठीच त्याचं ते पुस्तक. आठ विचारांची आठ प्रकरणं, आणि प्रत्येकात अमुक एक विचार आला तर बायबलमधलं अमुक वचन तोंडानं म्हण, असे सगळे मिळून पाचशेच्या आसपास जोड. मूळ ग्रीक पुस्तक हरवलं, सिरियाक आणि अर्मेनियन भाषांतरांत ते टिकलं. पंथाच्या राजकारणात पुढे त्याच्या काही मतांवर चर्चनं बंदी घातली, त्याचा हा परिणाम असावा.

तिसरा उपाय तो आपल्या अनुभवातूनच शिकला होता : सांगून टाकणं. मेलानियाबाईंना खरं सांगेपर्यंत ताप हटला नव्हता. हजारएक वर्षांनंतर इग्नेशियस लोयोला यांनी हीच गोष्ट नियमात बसवली. ते सैनिक, १५२१मध्ये पाँप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय मोडून घेतलेले. त्यांचा दाखला मात्र रणांगणावरचा नाही, घरातला आहे. दुसऱ्याच्या लेकीला फसवू पाहणारा लबाड प्रियकर 'हे घरी सांगू नकोस हं' असं बजावतो, तसा हा शत्रू गुप्ततेवर जगतो. जाणत्या माणसापाशी बोललं की त्याचा डाव फसतो. त्यांच्याच संघातले, ही साधना केलेले येशूसंघी गोव्यात आले, आणि त्यांतल्याच फादर स्टीफन्स यांनी मराठीत 'क्रिस्तपुराण' रचलं, ते १६१६मध्ये छापलं गेलं. म्हणजे ही विद्या आपल्या भाषेच्या उंबरठ्यावर चारशे वर्षांपूर्वीच येऊन थांबली आहे.

इतकी सूक्ष्म परंपरा घरात असताना आपल्यातले काही जण सैतान शोधायला बाहेर का धावतात, याचं मला कोडं पडतं. मूल अभ्यास करत नाही, धंदा बसला, सूनबाई गप्पगप्प राहते, की लगेच बाधा! मग कोणाच्या तरी सभेत नेऊन आरडाओरडा, केस ओढणं. संत पौलानं इफिसच्या लोकांना लिहिताना चिलखत, ढाल, शिरस्त्राण सगळं मोजून सांगितलं. पण त्याआधी हेही सांगितलं की आपलं झगडणं रक्तामांसाच्या माणसांशी नाही. ही ओळख विसरली की ढाल-तलवार घेऊन आपण जावेवर किंवा शेजारणीवरच चालून जातो. कॅथलिक चर्चचा नियम आहे की बिशपांच्या खास परवानगीशिवाय कोणाही धर्मगुरूला अपदूत काढण्याचा विधी करता येत नाही, आणि त्याआधी हा आजार तर नाही ना, याची खात्री करावी लागते. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारणं हा तर महाराष्ट्रात २०१३च्या कायद्यानं गुन्हा आहे. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण नको, जगणं नको, असं होत असेल तर ती इव्हाग्रियसची दुपार नव्हे. तिथं मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं, आणि सोबत प्रार्थनाही करावी.

उपवासकाळात ज्यांना हे करून पाहायचं असेल त्यांच्यासाठी एक सूचना. पाचशे वचनांच्या मागे लागू नका. दुपारी आपल्याकडे नेमका कोण येतो ते आठवडाभर पाहा, आणि त्याच्यापुरतं एक वचन पाठ करा, एका दमात म्हणता येईल एवढं लहान. इव्हाग्रियसची बरीचशी उत्तरं ओळ-दीड ओळीचीच आहेत. लांबलचक प्रार्थना करायला त्या घटकेला कोणाला सुचणार? आणि शक्यतो ते ओठ हलवून म्हणा. ऑफिसात असाल, तर शेजारच्या टेबलावरचे लोक बघतील थोडे. बघू देत.