मोकळी मानली जाणारी दोन वर्षे

(पालक मेळाव्यातील व्याख्यानाचा संपादित भाग)



मराठी मध्यमवर्गीय घरात शालेय जीवनाची दोनच वर्षे मोजली जातात : दहावी आणि बारावी. या दोन वर्षांत घरातला दूरदर्शन संच मुका होतो, लग्नकार्ये टाळली जातात, पाहुण्यांना गोड बोलून वाटेला लावले जाते. नववी आणि अकरावी मात्र विसाव्याची वर्षे मानली जातात. बारावीनंतर पाल्याला परदेशी विद्यापीठात धाडण्याचा विचार ज्या घरात असेल, त्या घराने प्रथम हा हिशेब बदलला पाहिजे.

याचे कारण अर्जाच्या कालपत्रकात आहे. अमेरिकेतील नामांकित विद्यापीठांच्या अर्जाची मुदत साधारणतः १ नोव्हेंबर किंवा जानेवारीच्या प्रारंभी संपते आणि निर्णय बहुधा मार्चअखेरपर्यंत कळतो. आपल्या बारावीचा निकाल लागतो मे महिन्याच्या सुमारास. म्हणजे ज्या निकालासाठी घर दोन वर्षे श्वास रोखून असते, तो निर्णयाच्या वेळी अस्तित्वातच नसतो. परीक्षकांपुढे असतात नववी, दहावी, अकरावीचे गुण आणि बारावीची पहिली सहामाही. शाळेत उपलब्ध असलेल्या विषयांपैकी कठीण विषय मुलाने घेतले की टाळले, तेही पाहिले जाते. सोळाशे गुणांची सॅट परीक्षा मध्यंतरी अनेक विद्यापीठांनी ऐच्छिक केली होती; मात्र एमआयटीने २०२२ मध्ये आणि हार्वर्डने २०२४ मध्ये ती पुन्हा आवश्यक ठरवली. तरीही तीन तासांहून कमी वेळाची एक परीक्षा चार वर्षांच्या अभ्यासाची जागा घेऊ शकत नाही.

ब्रिटनची रीत निराळी आहे. तेथे विद्यार्थी प्रथमपासूनच विशिष्ट विषयासाठी अर्ज करतो. एका अर्जात पाच पर्याय देता येतात, आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुदत १५ ऑक्टोबरलाच संपते. २०२६ च्या प्रवेशापासून निवेदनात तीन प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात : हाच विषय का, आजवरच्या अभ्यासाने त्यासाठी काय तयारी झाली, आणि वर्गाबाहेर काय केले. अमेरिका विद्यार्थ्याचा आवाका पाहते, ब्रिटन एका विषयातली खोली पाहते. कोणत्या देशात जायचे, हा प्रश्न म्हणूनच बारावीत नव्हे, अकरावीचे विषय निवडतानाच सोडवावा लागतो.

येथे एक चूक वारंवार घडते. मुलीला जीवशास्त्राची आवड आहे, म्हणून अकरावीत गणित सोडले जाते. पुढे तिला अर्थशास्त्र किंवा संगणकशास्त्र खुणावते, तेव्हा ध्यानात येते की ती दारे सोळाव्या वर्षीच स्वहस्ते बंद केली गेली. ज्या मुलाची दिशा निश्चित नाही, त्याने गणित सोडू नये, इतका साधा नियम पाळला तरी अनेक वाटा खुल्या राहतात.

जर्मनीचे उदाहरणही बोधप्रद आहे. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत, काही अपवाद वगळता, शिक्षणशुल्क नाही. परंतु केवळ भारतीय बारावीच्या बळावर तेथे सहसा थेट प्रवेश मिळत नाही. एक वर्षाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम, किंवा भारतातील पदवीचे एक यशस्वी वर्ष, किंवा तंत्रशाखांसाठी जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण असणे, अशी एखादी पायरी चढावी लागते. २०२२ च्या नोव्हेंबरपासून भारतीय विद्यार्थ्यांना शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी करून घेणे व्हिसासाठी आवश्यक झाले आहे. आणि पदवीचे बहुसंख्य अभ्यासक्रम जर्मन भाषेतूनच चालतात. पुण्या-मुंबईच्या कित्येक शाळांत जर्मन शिकवली जाते. पण ती भरघोस गुण देणारा विषय म्हणून घेतली जाते आणि दहावीनंतर विसरली जाते. तीच भाषा नेटाने पुढे नेली, तर ती लाखो रुपयांची शिष्यवृत्ती ठरू शकते.

आता थोडे कटू बोलणे भाग आहे. आज अनेक ठिकाणी अकरावी-बारावीचा विद्यार्थी महाविद्यालयाच्या केवळ हजेरीपटावर असतो. प्रत्यक्षात तो दिवसभर शिकवणी वर्गात बसतो. या व्यवस्थेला सगळ्यांचीच मूक संमती असते. परदेशी अर्जात मात्र शिक्षकाचे शिफारसपत्र लागते. हा मुलगा वर्गात कोणते प्रश्न विचारतो, अपयश आले असता कसा वागतो, सहाध्यायांना मदत करतो का, हे त्या पत्रात अपेक्षित असते. ज्या शिक्षकाने मुलाला कधी पाहिलेच नाही, त्याने काय लिहावे? मग मजकूर पालक तयार करतात, शिक्षक सही करतात. निबंध सल्लागार लिहितो, समाजसेवेचे प्रमाणपत्र ओळखीने मिळते. लबाडी उघड झाली तर प्रवेश रद्द होतो, हे खरेच. पण ती उघड झाली नाही तर होणारी हानी अधिक मोठी आहे. आयुष्याचे पहिले महत्त्वाचे पाऊल खोट्या कागदावर टाकायचे असते, हे त्या मुलाला त्याच्या आईवडिलांनीच शिकवलेले असते.

प्रामाणिक अर्जासाठी सांगण्यासारखे आपल्या मुलांकडे काही नसते, हा समज चुकीचा आहे. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र. परक्या भूमीत त्यांनी आपल्याच परंपरेचा अभ्यास मांडला. आजच्या साडेसहाशे शब्दांच्या अर्जनिबंधातही आजोबांच्या शेतातील विहिरीचे पाणी का आटले, याचा तीन वर्षे घेतलेला शोध उसन्या इंग्रजी अलंकारांहून वजनदार ठरतो.

खर्चाचा विचारही डोळसपणे व्हावा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशी मोजकी विद्यापीठे प्रवेश देताना परदेशी विद्यार्थ्याची ऐपत पाहत नाहीत आणि सिद्ध झालेली संपूर्ण गरज भागवतात. बहुतेक ठिकाणी तसे नाही. राहते घर गहाण टाकण्यापूर्वी दुसरा मार्गही पाहावा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवी घेऊन, बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. १८९२ पासून चालत आलेली जे. एन. टाटा निधीची कर्जशिष्यवृत्तीही उच्च शिक्षणासाठीच आहे. पदवी येथे आणि पुढचे शिक्षण तेथे, हा क्रम कमीपणाचा नाही. अनेक घरांसाठी तोच अधिक शहाणपणाचा आहे.

तेव्हा आठवीची परीक्षा संपली की एका संध्याकाळी आईवडिलांनी मुलाला घेऊन बसावे. त्याला काय आवडते, ते आधी ऐकावे. कोणती भाषा चार वर्षे सोडायची नाही, कोणता विषय केवळ कठीण म्हणून टाळायचा नाही आणि किती खर्च घराला झेपेल, हे मोकळेपणाने ठरवावे. नववीपासूनची गुणपत्रके एका धारिकेत जपावीत. मुलाने नियमाने वर्गात बसावे, शिक्षकांना प्रश्न विचारावेत.

एवढे करून परदेशी प्रवेश मिळेलच, असे वचन कोणी देऊ नये. पण ज्याने ही चार वर्षे खरेपणाने अभ्यास केला, त्याचे नकाराचे पत्र आले तरी काही वाया जात नाही. अशा मुलाचे शिक्षण कोणत्याही गावी थांबत नाही.