ज्याचे हत्यार, त्याची धार



वसंतातल्या व्याख्यानांत आपण संतवाङ्मय ऐकता, इतिहास ऐकता, अर्थकारण ऐकता. त्या पंगतीत आम्ही आज वस्तरा घेऊन बसलो आहोत. काही मंडळी हसली, आणि त्यात त्यांचा दोष नाही. आपल्या भाषेत या हत्याराच्या वाट्याला थट्टाच फार आली. कोणी फसवले की त्याने 'बिनपाण्याने हजामत केली' असे आपण सहज म्हणून जातो. परंतु ज्याच्या धंद्याची थट्टा करायची, त्याच्याच हाती आपण पिढ्यान् पिढ्या डोळे मिटून गळा दिला, हेही खरे ना?

आम्ही कामगार संघटनेचे काम करणारे. कोणताही धंदा पाहिला की आमच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की हत्यार कोणाचे आणि ते राखण्याचे ज्ञान कोणाजवळ? नाभिक हा बारा बलुतेदारांपैकी एक. त्याचे बलुते खळ्यावर ठरे, पण धोकटी त्याची स्वतःची असे. वस्तरा, कात्री, नराणी, चिमटा, आरसा, निसणा म्हणजे धार लावण्याचा दगड, आणि चामड्याचा पट्टा. सेना महाराजांना अभंगासाठी दुसरीकडून उपमा आणाव्या लागल्या नाहीत. त्यांना त्या धोकटीतच सापडल्या.

जुन्या वस्तऱ्यांवर शेफील्ड, झोलिंगेन अशी नावे असतात. त्यावरून चांगले पोलाद ही विलायतेचीच मिरास, असा आपला समज होतो. तो पुरता खरा नाही. आपल्या मराठवाड्याप्रमाणेच पूर्वी निजामाच्या राज्यात असलेले तेलंगणातील कोनसमुद्रम हे गाव पोलादासाठी नावाजलेले होते. इराणचे व्यापारी ते घेण्यासाठी तेथवर येत. हिंदी पोलादाचे नमुने डॉ. हेलेनस स्कॉट यांनी मुंबईहून लंडनला धाडले आणि १७९५ साली जॉर्ज पिअर्सन यांनी रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध वाचला. पुढे १८२० च्या सुमारास जेम्स स्टोडार्ट हा सुऱ्या-कात्र्या करणारा कारागीर आणि मायकेल फॅरेडे यांनी पोलादावर प्रयोग केले, तेही याच हिंदी पोलादाचे गुण हुडकण्यासाठी. फॅरेडे हा लोहाराचा मुलगा. शाळा बेताची, बुकबाइंडराकडे उमेदवारी करता करता शिकलेला. शाळा अर्ध्यावर सुटलेल्या आमच्यासारख्याला हे नाव घेताना थोडा अभिमान वाटला, तर आपण क्षमा कराल.

आता मुख्य गोष्ट. आजोबांच्या पेटीत किंवा भंगाराच्या ढिगात एखादा वस्तरा सापडला, तर तो पुन्हा कामाचा कसा करावा?

प्रथम भिंगाखाली धार पाहावी. गंज पात्याच्या पोटावर असेल तर घाबरू नये. धारेतच खोल खड्डे असतील किंवा पात्याला चीर असेल, तर मात्र त्या वस्तऱ्याला नमस्कार करून तो ठेवून द्यावा. गंज काढायचा तो हातानेच; तेलाचे दोन थेंब, बारीक पॉलिशपेपर आणि भरपूर सबुरी. फिरत्या चाकावर पाते धरू नये. चिकलठाणा-वाळूजच्या टूलरूममधली मंडळी येथे असतील, त्यांना हे सांगायला नको. पातळ पोलाद तापून निळे पडले की त्याला दिलेले पाणी उतरले, आणि मग कितीही घासा, धार टिकत नाही. हत्यार घासूनपुसून लखलखीत करण्याला आपल्याकडे शिकल म्हणत. शिकलगार हे नाव त्यावरूनच पडले.

मग दगड. तो अगदी सपाट हवा. वस्तरा त्यावर असा आडवा ठेवावा की पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकतील. ज्या कोणी हे हत्यार प्रथम घडविले त्याची अक्कल येथे दिसते. पाठीच्या जाडीनेच धारेचा कोन ठरतो, तो हाताने साधावा लागत नाही. धार पुढे ठेवून, दगडाचा पापुद्रा काढावा तशी, हलक्या हाताने चाल द्यावी. टोकाला पोचल्यावर पाते पाठीवर पलटावे, धारेवर कधी नव्हे. आधी हजार नंबरचा दगड, मग चार हजार, मग आठ हजार. पहिल्या दगडावर दोन्ही बाजू टोकापासून बुडापर्यंत नीट मिळाल्या नाहीत, तर पुढचे सारे श्रम वाया. धार डोळ्यासमोर सरळ धरून पाहावी. जेथे उजेड चमकतो तेथे ती अजून बोथट आहे.

शेवटी पट्टा. येथे चाल उलटी, पाठ पुढे आणि धार मागे. दगड धातू काढतो. पट्टा फक्त ती नाजूक कड सरळ करतो. येथे धार पुढे केली तर पट्टाच कापला जाईल. पट्टा ताठ धरावा. तो सैल पडला की दगडावर कमावलेले गोल होऊन जाते. काम झाल्यावर पाते कोरडे करून तेलाचा हात फिरवावा.

यात कोठे जादू नाही, पण घाईलाही जागा नाही. हे ज्ञान नाभिकाजवळ होते आणि आपण त्याला कधी ज्ञान म्हटले नाही. जिलेटचा रेझर १९०३ साली विक्रीस आला आणि पाते फेकून द्यावयाची वस्तू झाली. पुढे रक्तातून पसरणाऱ्या कावीळ, एड्ससारख्या रोगांचे भय कळले, आणि सलूनमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे अर्धे पाते आले. हे योग्यच झाले. त्याविरुद्ध आम्ही अवाक्षर काढणार नाही. जुना वस्तरा एकाचा एकानेच वापरावा, तो दुसऱ्याच्या गालाला लावू नये. पण पाते फेकताना धार लावण्याची विद्याही आपण त्याबरोबर फेकली, ती काही रोगाच्या भयाने नव्हे. आज हौशी लोक त्याच विद्येसाठी पैसे मोजतात, आणि ती ज्याच्या घरची, त्याला कोणी विचारीत नाही.

हत्यार आपले आणि धार आपली असण्याला किती अर्थ आहे, हे पाहायचे तर १८९० साल आठवा. गिरणी कामगारांची संघटना १८८४ साली उभारणाऱ्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी त्या वर्षी रविवारची सुटी मिळविली, हे आपणांस ठाऊक आहे. त्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांची सभा भरली, आणि विधवांचे केशवपन आपण करावयाचे नाही, असे तेथे ठरले. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचाराचे ते फळ होते. लक्षात घ्या, त्या कामाचे पैसे मिळत होते. त्या मिळकतीवर गरीब माणसांनी आपण होऊन पाणी सोडले. गिरणीतला माग मालकाचा होता. वस्तरा नाभिकाचा होता, त्याची धारही त्याच्याच हातची होती, म्हणून तो खाली ठेवण्याचा अधिकारही त्याचाच ठरला. शास्त्री-पंडितांचे वाद वर्षानुवर्षे चालले होते. या मंडळींनी धोकटी बंद केली.

तेव्हा आमची विनंती एवढीच. आपल्या या छत्रपती संभाजीनगरात दगडावर वस्तरा लावलेले वृद्ध कारागीर असतील, त्यांच्याकडे जा. चाल पाहा, विचारा, लिहून ठेवा. तंत्रशिक्षण देणाऱ्या संस्थांनी त्यांना चार तास वर्गावर बोलवावे. मात्र एक पथ्य पाळा. नुसता चहा पाजून विद्या घेऊ नका, शिकवणीचे पैसे द्या. गवयाला बिदागी देतो, आम्हा वक्त्यांनाही आपण नारळ देता. मग धार शिकविणाऱ्याने फुकट का शिकवावे?