सुरांचा हप्ता

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते, पुढे काय? मुलगा इंजिनिअरिंगला जाणार म्हटले की बाप मुकाट्याने बँकेची पायरी चढतो. मुलगी म्हणाली, ‘मला गाण्यात पदवी घ्यायची आहे,’ की तोच बाप विचारतो, ‘आणि खाणार काय?’ पुष्कळांना हा प्रश्न अरसिक वाटतो. मला तसे वाटत नाही. ज्याचे घर शिलाई मशीनवर चालते, त्याने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. फक्त तो अर्धा विचारून थांबू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

माझ्या भाचीच्या निमित्ताने हा प्रश्न आमच्या घरातही आला. तिचे अब्बा शिवणकाम करतात. मुलीचा आवाज चांगला, गांधर्वची मध्यमा पूर्ण झालेली. एका खासगी विद्यापीठात संगीताच्या पदवीला प्रवेश मिळत होता. ती म्हणाली, ‘मामू, तुम्ही शायर आहात, तुम्ही तरी अब्बांना समजवा.’ मी म्हटले, ‘बेटी, शायर आहे खरा, पण एक तारखेला दूधवाल्याचे पैसेही मलाच द्यावे लागतात. आधी कागद-पेन्सिल आण.’

हिशेब असा निघाला. फी, वसतिगृह, मेस धरून वर्षाला दीड लाख, म्हणजे तीन वर्षांचे साडेचार लाख कर्ज. व्याज दहा टक्के धरले. शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतो. त्यामुळे घरच्यांना वाटते, तोवर काही काळजी नाही. पण व्याज पहिल्या दिवसापासून चढत असते. चार वर्षांत ते १ लाख ३५ हजार झाले आणि साडेचार लाखांचे ५ लाख ८५ हजार झाले. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे ७,७०० रुपये. एकूण परतफेड सव्वानऊ लाखांच्या वर.

आता जमेची बाजू. पदवी हाती आल्याबरोबर मैफली मिळत नाहीत. मिळतात त्या शिकवण्या. एका मुलाचे महिन्याला ८०० रुपये धरा. आठवड्यातून दोनदा, तासभर. नुसता हप्ता भरायला दहा मुले हवीत. एकेकाला वेगळे शिकवायचे तर आठवड्याचे वीस तास झाले. रविवार सोडला तर रोजचे सव्वातीन तास. यात जेवण नाही, भाडे नाही, सायकलचे पंक्चरही नाही.

हे सव्वातीन तास कुठून येणार? रियाजातून. दिवसभर लहान मुलांकडून अलंकार घोटून घेतलेला गळा रात्री तानपुऱ्यासमोर बसेल, पण तो थकलेला असेल. कर्ज बँकेचे असते, हप्ता मात्र रियाजातून जातो. संगीताच्या कर्जात आणि इतर कर्जात हा फरक आहे. इंजिनिअर नोकरी करतो तेव्हा त्याच्या विद्येचा सरावच होत असतो. गाणाऱ्याचे पोटासाठीचे काम आणि विद्येची जोपासना यांची वेळ एकच असते, आणि दोघांत ओढाताण चालते.

कोणी म्हणेल, पूर्वी कुठे कर्ज होते? होते. फक्त ते रुपयांत नव्हते. शागीर्द उस्तादांच्या घरी राही, पाणी भरी, पडेल ते काम करी आणि आयुष्याची उमेदीची वर्षे देई. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. तिथे शिक्षक घडवण्यासाठी उपदेशक वर्ग होता. राहणे-जेवण संस्थेचे, आणि विद्यार्थ्याने करारान्वये काही वर्षे द्यायची. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवत आणि जलसे करून मुलांचा खर्च भागवत. पलुस्करांनी पुढे मुंबईला मोठी इमारत उभी केली. ती कर्जापायी लिलावात गेली. १९३१ साली ते वारले आणि त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. इमारत गेली, विद्या टिकली. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या काळी पैशाचे कर्ज गुरूच्या डोक्यावर होते. आज ते अठरा वर्षांच्या मुलीच्या आणि तिच्या शिंपी बापाच्या डोक्यावर आहे.

मग पदवी नकोच का? असे मी म्हणणार नाही. मी स्वतः बी.ए. आहे. पदवीने मला कविता दिली नाही, शिक्षकाची नोकरी दिली. नोकरीने रात्रीचे दोन तास दिले आणि त्या दोन तासांत कविता झाली. पदवीकडून एवढीच अपेक्षा ठेवावी. आकाशवाणीच्या स्वरचाचणीत बी, बी-हाय, ए, टॉप ही श्रेणी गळ्याला मिळते, प्रमाणपत्राला नाही. पण महाविद्यालयात शिकवायचे तर साधारणपणे एम.ए. आणि नेट किंवा सेट लागते, आणि तिथवर जायला पहिली पायरी पदवीचीच आहे. शिवाय आमच्यासारख्या घरांत ‘मुलगी गाते’ म्हटले की भुवया उंचावतात. ‘मुलगी कॉलेजात शिकते’ म्हटले की त्याच भुवया खाली येतात. हा लाभ कोणत्याही वहीत मांडता येत नाही, पण तो मोठा आहे.

तेव्हा पदवी घ्यावी, पण वाटा सगळ्या पाहाव्यात. मुंबई विद्यापीठ, पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ, एसएनडीटी येथे संगीताचे शिक्षण मिळते. आधी त्यांची फी विचारा. दुसरी पदवी घेता घेता गांधर्वच्या विशारद, अलंकार या परीक्षा देता येतात. २०२२ पासून यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्यांनाही परवानगी दिली आहे. केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे. महिना ५,००० रुपये, दोन वर्षे. म्हणजे १ लाख २० हजार, आणि परतफेड नाही. कर्ज घ्यावेच लागले तर शिकत असतानाच व्याज भरत जा. आमच्या उदाहरणात ते पहिल्या वर्षी महिना १,२५०, दुसऱ्या वर्षी २,५०० आणि पुढे ३,७५० पडते. तेवढे जमले तर नंतरचा हप्ता सहा हजारांच्या आत येतो.

माझी भाची सरकारी विद्यापीठात गेली. एसटीचे अर्धे तिकीट काढून जाते-येते. खासगी विद्यापीठातला ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ तिला मिळाला नाही, आणि त्याची हळहळ तिला आहे. तिच्या अब्बांना रात्री झोप लागते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक दुसरीने खोडता येत नाही.

ज्यांच्या घरात आज हा प्रश्न आहे त्यांना माझे सांगणे इतकेच. ‘खाणार काय?’ हे जरूर विचारा. त्याला जोडून विचारा, ‘हप्ता भरून रोज गायला किती वेळ उरेल?’ दोन तास उरत असतील तर बेलाशक सही करा. अर्धा तासही उरत नसेल, तर ते कर्ज गाण्यासाठी नाही, गाण्याच्या मोबदल्यात आहे. अशा वेळी मुलीला नाही म्हणू नका, त्या कर्जाला म्हणा.