एक्सल बदलले, तरी गाडी तीच राहते
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



भावाचा, कर्जाचा, विजेचा विषय प्रत्येक बैठकीत होतो. आज माल बाजारात नेणाऱ्या गाडीबद्दल बोलायचे आहे. कळंब, वाशी, भूम, तुळजापूर भागात गावोगाव जुन्या पिकअप आहेत. नवी घेण्याची ऐपत नाही म्हणून आपण त्या चालवतो. त्यांचे मागचे एक्सल नेमके सुगीत तुटते. मग गॅरेजवाला सांगतो, "मोठ्या गाडीचे हाऊसिंग घाला आणि टाका किती पोती टाकायची ती." या सल्ल्याचा पहिला अर्धा भाग विचार करण्याजोगा आहे. दुसरा अर्धा जिवावर बेतणारा आहे.

कापसाला हौदा, ज्वारीला एक्सल

आधी आपल्या मालाकडे बघा. मोकळा कापूस हौद्यात दाबून, वर जाळी बांधून भरला तरी वजनाने ज्वारीच्या निम्माही भरत नाही. तिथे जागा अपुरी पडते, एक्सल नव्हे. जो फक्त कापूस नेतो, त्याने मोठ्या हाऊसिंगवर पैसा घालू नये. ज्वारीचे तसे नाही. शंभर किलोची बारा पोती हौद्यात टाकली तर अर्धा हौदा रिकामा दिसतो आणि आणखी बारा टाकण्याचा मोह होतो. एक्सल मोडते ते या रिकाम्या दिसणाऱ्या जागेमुळे.

एक्सल दोन तऱ्हेचे असते. पुष्कळ हलक्या गाड्यांत चाक थेट एक्सलच्या दांड्यावर बसते. तोच दांडा चाक फिरवतो आणि तोच ओझे पेलतो. तो बेअरिंगजवळ तुटला की चाकच निखळू शकते. ट्रकच्या तऱ्हेच्या एक्सलमध्ये ओझे हाऊसिंगवर आणि हबच्या दोन बेअरिंगवर असते. दांडा फक्त फिरवण्याचे काम करतो. तो तुटला तर गाडी जागेवर थांबते, पण चाक सुटत नाही. ओळखण्याची खूण सोपी: चाकाच्या मधोमध हब बाहेर आलेला असतो, त्यावर बोल्टांची गोल रांग असते आणि ते बोल्ट काढले की चाक न उतरवता दांडा बाहेर ओढता येतो. मजबुतीचा खरा फायदा हा आहे. तो सुरक्षिततेचा आहे, जादा पोत्यांचा नाही.

टेप आणि दात

जुन्या बाजारातून हाऊसिंग उचलण्याआधी टेप घेऊन जा. दोन्ही चाकांच्या बैठकीतले अंतर, पाट्यांच्या बैठकीतले अंतर आणि डिफ्रन्शियलचा गोळा मधोमध आहे की एका बाजूला, ही तीन मापे आपल्या गाडीशी ताडून पहा. पाट्यांच्या बैठका तोडून पुन्हा वेल्डिंग करायच्या असतील, तर पिनियनचा कल पूर्वीचाच राहिला पाहिजे. कल चुकला की शाफ्ट थरथरतो आणि क्रॉस वरचेवर जातात. शाफ्टची लांबी बदलली तर तो बॅलन्स करून घ्यावा लागतो. चाकाचे बोल्ट वेगळे असले तर पुढची स्टेपनी मागे बसत नाही.

मग दात मोजा. समजा, तुमच्या गाडीच्या क्राऊनला 41 आणि पिनियनला 9 दात आहेत. एका चाकाच्या फेऱ्याला शाफ्ट सुमारे साडेचार फेरे घेतो. मोठ्या गाडीचे हाऊसिंग 41 आणि 8 चे निघाले, तर तोच आकडा पाचाच्या वर जातो. चढावर गाडी चांगली ओढेल. पण त्याच वेगाला इंजिन साडेबारा टक्के जास्त फिरेल आणि सपाटीला डिझेल जास्त जाळेल. मीटरची केबल गिअरबॉक्सवर असेल तर गाडी साठने चालली असताना मीटर सदुसष्ट दाखवील.

माल उताराला जातो

आपला जिल्हा बराचसा बालाघाटच्या माथ्यावर आहे. येरमाळ्याकडून बार्शीला जा, नाहीतर तुळजापूरचा घाट उतरून सोलापूरला जा. भरलेली गाडी उतरते आणि रिकामी गाडी चढते. म्हणजे आपल्याला ओढण्यापेक्षा थांबवण्याची ताकद अधिक लागते. एक्सल बदलले तरी पुढचे ब्रेक, मास्टर सिलिंडर, चेसिस, स्टिअरिंग आणि टायर जुनेच राहतात. मागचे ब्रेक मोठे आले की जुना मास्टर सिलिंडर त्यांना पुरेसे ऑइल देऊ शकत नाही आणि पेडल खोल जाते. रिकाम्या गाडीत मागची चाके आधी जाम होऊन गाडी आडवी होण्याचा धोकाही असतो. ब्रेकचा मेळ न घालता जो नुसते हाऊसिंग बसवतो, त्याच्याकडून काम करून घेऊ नका.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 52 सांगते की, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीतला तपशील विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने विनापरवाना बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. म्हणून आधी एमएच-25 च्या परिवहन कार्यालयात लेखी विचारा, मगच गॅरेजात जा. आणि ध्यानात ठेवा, एक्सल कितीही मोठे घातले तरी आरसी पुस्तकातले एकूण वजन एका किलोनेही वाढत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी हाच मुद्दा पुढे करू शकते.

आता हिशेब करू. गाडीला बारा क्विंटलची मुभा आहे आणि चोवीस पोती भरली. जादा भाराला कायद्यात 20,000 रुपये आणि वर जादा टनामागे 2,000 रुपये दंड आहे. म्हणजे 22,000 च्या पुढेच. दुसरी खेप केली असती तर? जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, दहा लिटर डिझेल, ड्रायव्हरची हजेरी धरून दीड हजार रुपये समजा. एका दंडात चौदा खेपा झाल्या असत्या.

मागणी कोणती

पण शेतकरी हौस म्हणून जादा भरत नाही. पोत्याचा भाव दुसऱ्या खेपेचे डिझेल सोसत नाही, म्हणून पोती वाढतात. एक्सल तुटते गाडीचे, पण ते तोडतो भाव. हे आम्ही बोलत राहणारच.

त्याबरोबर दुसरी मागणी. कलम 52 मध्येच 2019 साली केंद्र सरकारला गाडीतील बदलांचे निकष व मंजुरीच्या अटी ठरवण्याचा अधिकार दिला आहे. तो वापरून जुन्या मालवाहू गाड्यांसाठी तपासलेल्या एक्सल-ब्रेकच्या जोडीला मंजुरीचा सरळ रस्ता सरकारने खुला करावा. नवी गाडी घेण्याची ऐपत नसलेल्याला जुनी गाडी सुरक्षित करण्याचे स्वातंत्र्य हवे. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावाच लागतो. तिथेच ही तपासणी होऊ शकते.

तोवर प्रत्येक गावाने एवढे करावे. सुगीआधी बेअरिंग, सील, ब्रेकचे लायनर आणि हाऊसिंगचा वाक तपासून घ्यावा. शेजारी-शेजारी मिळून खेपा ठरवाव्यात. पाटे वाढवून ओझे वाढवू नये. घाटात उलटलेल्या गाडीतली ज्वारी पुन्हा गोळा करता येते. तिच्यावर बसलेला पोरगा परत मिळत नाही.